पीन एका हीटची, टीसी दुसऱ्या हीटची: दुबईला गेलेल्या शॅकलच्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनकडून नागदेवी स्ट्रीटला लागलं की दोन्ही बाजूंना बेअरिंग, पाइप फिटिंग, नट-बोल्ट, वायर रोप, चेन पुली यांची दुकानं सुरू होतात. त्यातल्याच एका गाळ्यातून चालणाऱ्या पेढीचं हे प्रकरण. पेढी घरचीच आहे. काका खरेदी-विक्री बघतात, पुतणी निर्यातीची कागदपत्रं आणि बँक सांभाळते. माल म्हणजे वजन उचलायचं सामान: शॅकल (आडवी पीन घालून बंद होणारा, दोर किंवा साखळी जोडायचा लोखंडी कडा), टर्नबकल, थिंबल, वायर रोपच्या आणि चेनच्या स्लिंग. देशात हा माल त्यांनी वर्षानुवर्षं विकला, आखातात मात्र तोवर किरकोळ पार्सलंच गेली होती. अशात दुबईच्या एका स्टॉकिस्टची पहिली मोठी ऑर्डर आली. मी एल.सी.ची, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची हमी असलेल्या बँकेच्या पतपत्राची, कलमं तपासून देण्यासाठी या व्यवहारात होतो, त्यामुळे बहुतेक कागद आणि बरीचशी वादावादी माझ्यासमोर झाली. पार्ट्यांची नावं देत नाही.

ऑर्डर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेल्या, बो शॅकलची होती, नट आणि स्प्लिट पीन असलेल्या प्रकारातल्या. क्षमता चार: ४.७५, ८.५, १७ आणि २५ टन. शॅकलचा वाकवलेला भाग, म्हणजे बो, ईएन ८ या कार्बन स्टीलचा, हीट ट्रीटमेंट केलेला. पीन ईएन १९ या अलॉय स्टीलची. प्रत्येक नगावर क्षमता आणि हीट कोड; हीट म्हणजे भट्टीत एकदम वितळवलेल्या पोलादाचा एक घाणा. प्रूफ लोड, म्हणजे नगाने न बिघडता घ्यायचा चाचणीचा भार, क्षमतेच्या दुप्पट, तुटण्याचा भार किमान सहापट.

दुबईच्या पार्टीला पिना हिरव्या रंगवून हव्या होत्या. बाजारात असं मागणारे आणि देणारे पुष्कळ आहेत. पण हिरवी पीन ही नेदरलँड्सच्या व्हॅन बीस्ट या उत्पादकाची ओळख आहे, जशी लाल पीन अमेरिकेच्या क्रॉस्बीची. दुसऱ्याच्या रंगावर आपला माल विकणार नाही, असं पुतणीने पहिल्याच मेलमध्ये कळवलं आणि पिवळा रंग ठरला. पार्टीने हरकत घेतली नाही. मुद्दा लहान दिसतो, पण पुढची अवघड बोलणी ज्या विश्वासावर झाली त्याची सुरुवात इथे झाली, असं माझं मत आहे.

पैसे अॅट साइट एल.सी.ने, म्हणजे कागद सादर होताच, मिळणार होते. कागद नेहमीचेच: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, १ मे २०२२ पासून लागू असलेल्या भारत-यूएई करारासाठीचं मूळ देशाचं प्रमाणपत्र. त्यांखेरीज दोन कागद महत्त्वाचे होते: ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे ३.१ दर्जाची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट, धातूच्या चाचण्यांचा दाखला) आणि तिऱ्हाईत तपासणी संस्थेचा दाखला. माल एकदमच पाठवायचा, तुकड्यांत चालणार नाही, अशी अट होती आणि शिपमेंटची शेवटची तारीख ठरलेली होती.

३.१ म्हणजे काय, हे इथे सांगायलाच हवं. टीसी सगळ्यांच्याच फायलीत असते, पण वाचतात थोडे. २.२ दर्जाच्या टीसीत निकाल असतात, मात्र ते आपल्याला मिळालेल्याच मालाचे असावेत असं बंधन नसतं. ३.१ मध्ये ज्या लॉटची डिलिव्हरी होते त्याच लॉटच्या चाचण्या लागतात, आणि सही उत्पादन खात्यापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची लागते. व्यापारी ही टीसी स्वतःच्या नावाने काढू शकत नाही. कारखान्याने दिलेली पुढे द्यायची, आणि तिच्यावरचा हीट नंबर मालावरच्या कोडशी जुळला पाहिजे. न जुळणारी टीसी कितीही खरी असली तरी त्या मालाची टीसी नव्हे.

माल तळोज्याच्या एका फोर्जिंगवाल्याकडून घ्यायचा होता. पुतणी त्याला दादा म्हणते, इतका जुना संबंध. त्याच्याकडे फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, मशिनिंग आणि प्रूफ लोडचा बेंच होता, झिंकची टाकी नव्हती. ते काम जॉबवर्कने बाहेर जायचं. बो आणि पिना झिंकमध्ये वेगवेगळ्याच बुडवाव्या लागतात. बो तारेवर टांगून जातात, पिना टोपलीत. पिना बाहेर काढल्या की आट्यांत अडकलेलं झिंक निघावं म्हणून त्या गरगर फिरवतात. म्हणजे कारखान्यातून निघताना जोडी असलेला नग झिंकच्या दारात दोन वेगळ्या वस्तू होतो, आणि परत आल्यावर पुन्हा एक होतो.

या मधल्या प्रवासात सोबतीला एकच कागद असतो, जॉबवर्कचं चलन. ते मी पाहिलं. त्यावर मालाचं वर्णन होतं 'शॅकल पिना', परिमाण किलोत. हीट नंबर नाही, नग नाहीत. जीएसटीसाठी चलन अगदी बरोबर होतं. वर्णन आणि परिमाण लागतं, ते होतं. गॅल्व्हनायझर किलोच्या दराने पैसे घेतो, म्हणून तो किलो मोजतो. टोपलीत कुठली हीट आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते जपण्याचे पैसेही कोणी देत नव्हतं. पुढे सगळे त्याच्यावर घसरले, ते मला पटलं नाही.

याच फोर्जिंगवाल्याचा देशी मालही असतो. बाजारात त्याला कमर्शियल शॅकल म्हणतात. त्यावर क्षमता ठोकलेली नसते आणि तो किलोच्या भावाने जातो. ताडपत्री ताणायला, गेटची साखळी अडकवायला, ट्रकवर माल बांधायला तो ठीक आहे. नागदेवीला असा माल पोत्यांनी येतो. जुनी जहाजं मोडणाऱ्या मुंबईच्या दारूखाना भागात तर तुटलेल्या जहाजांवरचे शॅकल साफ करून, चंदेरी रंग मारून ढिगाने मिळतात. कमर्शियल शॅकलची पीन साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, आणि तीही झिंकला तिथेच जायची. व्यास तोच, आटे तेच, डोकं तेच. झिंकमधून निघाल्यावर ईएन १९ ची पीन आणि एमएसची पीन डोळ्यांना एकसारखीच चमकते.

तपासणीच्या दिवशी सुरुवात चांगली झाली. निरीक्षकाने प्रत्येक मापातून सॅम्पल काढलं, बो चुंबकीय कणांनी तपासले, कुठे चीर नव्हती. १७ टनी शॅकल बेंचवर चढला, ३४ टन भार घेतला, सोडल्यावर माप जागच्या जागी. फोर्जिंगवाल्याने चहा सांगितला. तेवढ्यात निरीक्षक पिनेच्या डोक्यावरचा कोड वाचायला लागला. झिंकचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, अशा मालावर पन्नास ते पंच्याऐंशीच्या घरात. पंच उथळ मारलेला असेल तर अक्षर बुजतं. त्याने खरवडून पाहिलं. एका पिनेवर टीसीतला कोड होता. दुसरीवर कसलाच कोड नव्हता. त्या दोन्ही डोक्यांवरचं झिंक घासून त्याने हार्डनेस घेतला. पहिली २७० ब्रिनेलच्या (कठीणपणाचं माप) आसपास, दुसरी १३० च्या.

काका तिथेच होते. ते म्हणाले, “साहेब, प्रूफ लोड तुमच्या डोळ्यांसमोर घेतला ना? चौतीस टन घेतले त्याने.”

निरीक्षक म्हणाला, “सॅम्पलने घेतले, काका. आणि ही मऊ पीन त्याच सॅम्पलमधली आहे.”

या वाक्यावर थांबायला हवं, कारण या प्रकरणाचं तांत्रिक मर्म इथे आहे. मऊ पीन प्रूफ लोडला पास झाली होती. मग बिघडलं काय?

१७ टनी शॅकलची पीन साधारण ४१ मिलिमीटर व्यासाची असते. बोच्या दोन कानांमध्ये ती दोन ठिकाणी कातरली जाते, म्हणजे भार घेणारं क्षेत्रफळ सुमारे २,६४० चौरस मिलिमीटर. ३४ टनांना दर चौरस मिलिमीटरवर साधारण १२६ न्यूटनचा कातरताण येतो. साध्या एमएसला एवढा ताण सोसतो, म्हणून पीन काही न दाखवता परत येते. आता सहापट घ्या, १०२ टन. ताण ३८० च्या जवळ जातो. एमएसची ओढताणातली ताकद ४१० च्या पुढे धरली तर कातरताणातली त्याच्या साठ टक्के, म्हणजे २५० च्या आसपास. ६५ ते ७० टनांतच ती पीन तुटेल. शिवाय पीन वाकतेही, तो भाग मी धरलेलाच नाही. धरला तर आकडा आणखी खाली येतो.

म्हणजे कागदावर सहापट लिहिलेली सुरक्षितता प्रत्यक्षात चारपटीच्या खाली. कोणी म्हणेल, चारपटही कमी नाही. पण ही पट चैनीसाठी ठेवलेली नसते. दोन पायांची स्लिंग आडव्याशी ३० अंशांवर गेली की प्रत्येक पायावर अख्ख्या वजनाइतका भार येतो. शॅकलवर ४५ अंशांतून बाजूचा ओढा आला तर क्षमता ३० टक्क्यांनी कमी धरतात, ९० अंशांतून आला तर निम्म्याने. वर डेक हलतो, क्रेन झटका देते, वर्षं जातात तशी पीन झिजते. हे सगळं त्या सहापटीतून वजा होत असतं. आणि खाली माणूस उभा असतो. तो तळोज्याचं चलन बघायला येत नाही. शॅकलवर १७ टन लिहिलंय, तेवढ्यावर त्याचा भरवसा असतो.

प्रूफ लोडने दोष सापडतात ते चिरेचे, फोर्जिंगमधल्या घडीचे, चुकलेल्या हीट ट्रीटमेंटचे काही. चुकीच्या धातूची पीन त्यातून निसटू शकते. काकांनी हा हिशोब रात्री गाळ्यावर स्वतः मांडून पाहिला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. त्याआधी मात्र ते ठाम होते, आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. फोर्जिंगवाल्याला आगाऊ पैसे गेले होते. एल.सी.ची तारीख जवळ आली होती. पहिलीच मोठी ऑर्डर उशिरा गेली तर दुबईची पार्टी पुन्हा फोन उचलणार नाही, ही भीती खरी होती.

निरीक्षकाने १७ टनांचा लॉट अडवला. बाकी तीन मापांच्या सॅम्पलचे कोड जुळले होते, त्यांचा दाखला द्यायला तो तयार होता. फोर्जिंगवाल्याने सुचवलं की १७ टनांसाठी दोन दिवसांनी दुसरं सॅम्पल काढू, पिना बघून लावू, काम होऊन जाईल. पुतणीने त्याला विचारलं, “दादा, सॅम्पलमधल्या पिना बघून लावाल. पेटीतल्या?”

खरा निर्णय या टप्प्यावर होता, आणि तो अवघड होता, कारण त्यांना अडवणारं पुढे कोणीच नव्हतं. दुसरं सॅम्पल पास झालं असतं, दाखला मिळाला असता. बँकेने कागद पाहिले असते आणि पैसे दिले असते. एल.सी.साठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, यूसीपी ६०० च्या ५ व्या कलमात, स्पष्ट आहे की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. टीसी खरी, दाखला खरा, बिल ऑफ लेडिंग खरं. पेटीतली पीन तेवढी वेगळी. आणि ज्या तीन मापांवर निरीक्षकाची हरकत नव्हती त्यांच्या पिनाही त्याच शेडमधून, तशाच टोपल्यांतून आल्या होत्या. सॅम्पल जुळलं म्हणजे लॉट जुळला, असं मानायला आता आधार राहिला नव्हता. पुतणीचं म्हणणं होतं की चारही मापांची एकेक पीन तपासायची. मला तेव्हाही तेच योग्य वाटलं, आजही वाटतं. काका आधी नको म्हणाले, मग २५ टनांची तरी सोडून देऊ म्हणाले, आणि शेवटी हो म्हणाले.

तारीख पाळणं आता अशक्य होतं. तुकड्यांत माल पाठवायची मनाईही उठवून घ्यायला हवी होती. यूसीपी ६०० च्या १० व्या कलमाप्रमाणे उघडणाऱ्या बँकेच्या आणि लाभार्थ्याच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या, संमतीशिवाय एल.सी. बदलत नाही. दुसऱ्या बँकेने एल.सी. कन्फर्म केलेली, म्हणजे स्वतःचीही हमी दिलेली असेल, तर त्या बँकेचीही संमती लागते. बँकेला हे सांगणार कोण, तर अर्जदार, म्हणजे दुबईची पार्टी. म्हणून पार्टीला खरं सांगण्यावाचून रस्ता नव्हता. किती सांगायचं, यावर मात्र गाळ्यात बराच खल झाला. ‘प्रॉडक्शन डिले’ असं लिहून भागलं असतं, काकांचा कल तिकडे होता. पुतणीने मेलमध्ये दोन्ही पिनांचे फोटो, हार्डनेसचे आकडे आणि झिंकच्या चलनाची प्रत जोडली. पुढे काय करणार ते तीन ओळींत लिहिलं आणि नवी तारीख मागितली.

पार्टीचा खरेदी मॅनेजर केरळचा, आखातात मुरलेला. रात्री त्याचा फोन आला आणि तो चांगलाच तापलेला होता. त्याचा माल पुढे एका ऑफशोअर यार्डाला जायचा होता, तिथे स्वतंत्र तपासणी होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून एकच गोष्ट मागितली: प्रत्येक पिनेच्या तपासणीचे कच्चे आकडे, सारांश नको. ते कबूल झाल्यावर त्याने बँकेकडे बदल टाकला. खर्च मुंबईने सोसायचा, १७ टनी मालाच्या भावात सूट द्यायची, या त्याच्या अटी. दोन्ही मान्य झाल्या.

तपासणीला पीएमआय गन भाड्याने आणली. ही गन पिस्तुलासारखी धातूवर टेकवायची, क्ष-किरणांनी ती आतले घटक सांगते. ईएन १९ मध्ये साधारण एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं, एमएसमध्ये ते जवळपास नसतं, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. अडचण झिंकची. थरावर गन टेकवली तर ती झिंकच दाखवते. म्हणून प्रत्येक डोक्यावर नाण्यापेक्षाही लहान ठिपका घासायचा, वाचन घ्यायचं, कोड पुन्हा खोल पंच करायचा आणि ठिपक्यावर झिंकयुक्त रंग लावायचा. झिंकच्या थराचं मानक आयएसओ १४६१ अशी दुरुस्ती नगाच्या अर्ध्या टक्का क्षेत्रफळापर्यंत चालवून घेते, त्या हद्दीत राहता आलं. घासायला दोन पोरं, गनवर एक, नोंदवहीवर पुतणी स्वतः.

४.७५ आणि २५ टनांच्या पिना सगळ्या बरोबर निघाल्या. १७ टनांत दर दहांमागे एक-दोन एमएस होत्या. आणि ८.५ टनांत, ज्याचा दाखला निरीक्षक द्यायला तयार होता, त्यातही काही निघाल्या. त्या पेटीतून बाहेर पडल्या तेव्हा काकांनी त्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या. नंतर या विषयावर त्यांनी वाद घातला नाही.

पुढचा भाग नेहमीचा. पूर्ण जुळलेली दोन मापं आधी गेली: आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का असलेल्या लाकडी पॅलेटवर, कंटेनरचं प्रमाणित वजन देऊन, न्हावा शेव्याहून. बाकी दोन मापांसाठी नव्या पिना केल्या, त्यांचे नट झिंकनंतर जुळवून घेतले, निरीक्षक पुन्हा आला आणि दुसरा लॉट गेला. यार्डाच्या तपासणीतून एकही नग परत आला नाही. १७ टनांतला नफा गन, मजुरी, बँक आणि सूट यांत गेला. बाकी मापांनी ऑर्डर तोट्यात जाऊ दिली नाही.

एक हिशोब मात्र उरला होता आणि तो पुतणीच्याच लक्षात आला. आपल्या पेटीत जितक्या एमएस पिना आल्या, तितक्या आपल्या ईएन १९ च्या पिना कुठेतरी गेल्या. त्या देशी लॉटमध्ये गेल्या होत्या. धोका त्यात नव्हता, जास्त ताकदीची पीन कमर्शियल शॅकलमध्ये बसली एवढंच. पण त्यावर निर्यातीचा हीट कोड होता. कोणी तो कोड वाचून अख्खा शॅकल क्षमतेचा समजला असता तर? फोर्जिंगवाल्याने नागदेवीच्या दुकानदारांना फोन केले, बहुतेक पोती उघडायच्या आत परत आली. काही नग काउंटरवरून गेलेले होते, ते सापडले नाहीत.

चलन आता बदललं आहे. निर्यातीच्या पिनांच्या चलनावर हीट कोड आणि नग दोन्ही लिहितात, टोपलीला धातूचा बिल्ला असतो आणि त्या पिना देशी मालाच्या दिवशी झिंकला जात नाहीत. गॅल्व्हनायझरला त्यासाठी किलोमागे जास्त दर मिळतो. त्याने एकदाही नग चुकवलेले नाहीत. दुबईच्या पार्टीने पुढच्या ऑर्डरमध्ये स्वतःहून अट घातली की बो आणि पीन दोन्हींवर कोड हवा, झिंकनंतर वाचता येईल इतका खोल. भावही थोडा वाढवून दिला.

देशी माल अजून किलोवरच जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी श्रमसंहिता येईपर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज अॅक्टच्या २९ व्या कलमाप्रमाणे उचलण्याच्या साखळ्या, दोर आणि साधनांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी लागत होती, तरी काउंटरवर टीसी मागणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. काका आता प्रत्येकाला आधी विचारतात, “उचलायला पाहिजे की बांधायला?” उचलायला म्हटलं तर किलोच्या मालाचं पोतं ते उघडत नाहीत. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तरी चालतं.